जोडीतलं एक कडवं

१

“जोड मोडली!”

मनुबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली की खाली गिरणीत दळणाला आलेल्या बायका डबे तसेच टाकून जिन्यात गोळा झाल्या. वर, सुमती चौबळांच्या कॉम्प्युटर क्लासात, प्रिंटरमधून नुकताच निघालेला लांबलचक कागद जमिनीवर लोळत होता. मनुबाईला वाचता येत नव्हतं. क्लासातली शीला तिला एकेक कडवं वाचून दाखवत होती आणि मनुबाई डोळे मिटून मान डोलवत होती. एका जागी ती मान थांबली होती.

“ह्याच्या फुडचं कडवं?”

“पुढे दुसरंच गाणं आहे, मनुमावशी,” शीला चाचरत म्हणाली.

“दुसरं कसं? खारीच्या पान्याला लग्नाचं आवतान दिलं. मंग पान्यानं काय जबाब दिला? तो कुटं गेला?”

खाडीच्या पाण्याचा जबाब कागदावर नव्हता. आतल्या खोलीतल्या मोठ्या यंत्रातही नव्हता. मग सगळा कागद पुन्हा वाचला, तेव्हा कळलं की गेल्या काही आठवड्यांत अशी बरीच कडवी गायब झाली आहेत. कुठे पहिलं, कुठे दुसरं. मनुबाईच्या या लग्नगाण्यांत कडवी नेहमी दोन-दोनांनी येत. एक हाक मारणार, दुसरं ओ देणार. लग्नघरात एकटं कडवं सोडणं म्हणजे अपशकुन.

“हे कुनी मुद्दाम केलंय,” मनुबाई पदर खोचत उठली. “जोड मोडनारा गावल्याबिगर मी तोंड उघडनार नाय. आयकून ठेवा.”

आणि मोठागावच्या खाडीकाठी ही गाणी सगळी येणारी ती एकटीच उरली होती. निदान सगळे तसं धरून चालले होते. जिन्यात बसलेला तिचा पुतण्या महिपत तेवढा पुटपुटला, “एकटीच कशी?” पण त्या गडबडीत त्याच्याकडे कोण लक्ष देणार!

२

ही गोष्ट सत्त्याण्णव सालातली. तेव्हाच्या डोंबिवलीत कॉम्प्युटर क्लासात शिरताना देवळात शिरल्यासारख्या चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्रांना झालरी लावलेली आवरणं असत, दसऱ्याला त्यांना झेंडूचा हार पडे, आणि खोलीत एसी असलाच तर तो माणसांसाठी नसे. माणसं आपली उकडत बसत. आता खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट यंत्र मावतं आणि आपण ते चहाच्या कपाशेजारी पालथं टाकतो. पण त्या यंत्रांचा थाट काही औरच होता, हे कबूल करायला हवं.

सुमती चौबळ चांगल्या नोकरीवर पाणी सोडून या क्लासात आल्या होत्या. कंपनीच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर उमेदीची वर्षं घालवलेली बाई. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्या अशा शिकवायच्या की मुलांना वाटावं, बाई आपल्या माहेरच्या माणसांबद्दल बोलतायत. शिवाय कॉलनीत कुणाची कुडी हरवली, कुणाच्या दारातलं दूध नाहीसं झालं, की पहिली हाक चौबळ बाईंनाच. कुडी सापडायचीच, आणि बहुतेक वेळा ती हरवलीच नव्हती हेही सापडायचं.

मनुबाई त्यांच्या दारी वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणारी. कोलंबी निवडताना ती गुणगुणायची. एक दिवस बाईंनी नीट कान दिला आणि हातातलं काम सोडून उंबऱ्यातच बसल्या. ही गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, हा ध्यास त्यांनी तिथे घेतला.

कामाची रीत ठरली होती. मनुबाई मधल्या खुर्चीवर मांडी घालून बसायची आणि ओढून ओढून, सावकाश गायची. जोडीतलं पहिलं कडवं शीलानं टाइप करायचं, दुसरं क्लासातल्याच आनंदनं. जोड पुरी झाल्याशिवाय मनुबाई श्वास घ्यायलाही थांबायची नाही. मग मांडीवर थाप मारून “हां, घे गो!” म्हणायची, आणि कडवी आतल्या मोठ्या यंत्रात जाऊन बसायची.

त्या यंत्रातला प्रोग्रॅम आनंदनं लिहिला होता. बाईंनी त्यालाच आधी बोलावलं.

“तुझा प्रोग्रॅम चुकत नसेल ना रे?”

आनंद दुखावला. “मॅडम, जुना प्रोग्रॅम बावळट होता. शीलाचं कडवं आत जाईपर्यंत मला ताटकळत ठेवायचा. मी फोर्टच्या फुटपाथवरून ते जाड पुस्तक आणलेलं ना, त्यातलं मल्टिथ्रेडिंग टाकलं. आता आमच्या दोघांसाठी आत दोन वेगळे थ्रेड आहेत. कोणी कोणासाठी थांबत नाही. एकदम फास्ट! मी एकटा बसून शंभरदा चालवून बघितलाय, एकदाही चुकला नाही.”

“एकटा बसून,” बाई म्हणाल्या.

“हो ना. आणि मॅडम…” त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी चोरावर पाळत ठेवलेली.”

३

झालं होतं असं. दोन-तीन कडवी कमी दिसल्यावर आनंदला आधीच शंका आली होती. त्यानं कुणाला न सांगता प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. कुणीही कडवं आत पाठवलं की आधी आतला प्रिंटर किर्रकिर्र करत त्याचं नाव छापणार, आणि मगच कडवं लिहिलं जाणार.

“पाळत होती तो आठवडाभर एक कडवं गेलं नाही, मॅडम. मग मनुमावशी कावली, हा काय उंदीर कुरतडतोय म्हणाली, म्हणून मी ती ओळ काढली. लगेच चोरी परत सुरू! म्हणजे चोराला पाळतीचं माहीत होतं.”

“कोणाकोणाला माहीत होतं?”

“मला. आणि ओळ घातल्यावर लगेच मी शीलाला सांगितलेलं.” तो जमिनीकडे बघू लागला. “शनिवारी ती कॉलेजला जाते, मी एकटाच टाइप करतो. शनिवारची एकही जोड मोडलेली नाही. मला बोलायला बरं वाटत नाही, पण…”

पण बोलून तर झालंच होतं, आणि दाराशी शीला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. क्लासच्या कुलपाची एक किल्ली तिच्याकडे असे. ती तिनं बाईंच्या टेबलावर ठेवली.

“मॅडम, मी उद्यापासून येत नाही.”

“अगं, बस आधी.”

“कशाला बसू? मला विठ्ठलवाडीहून इथे पाठवायला वडील मोठ्या मुश्किलीनं तयार झालेले. पोरगी कॉम्प्युटरवर काम करते म्हणून आमच्या चाळीत सांगत फिरतात. त्यांना आता काय सांगू, आनंद मला चोर म्हणाला?” तिचा आवाज चढला नाही. “मी माझीच कडवी का पुसेन? गेलेल्यांतली निम्मी माझ्या हातची आहेत.”

शीला निघून गेली. मनुबाईची गाणी जायची ती जातील, पण ही मुलगी चोर ठरून त्या जिन्यावरून उतरली, तर पुन्हा कुठल्याच यंत्रासमोर बसायची नाही, हे चौबळ बाईंना लख्ख दिसत होतं.

खाली महिपत आपल्या रिक्षात बसून होता. रोज काकीला आणायचं, जिन्यात बसून राहायचं, परत न्यायचं. एवढ्या मायेनं आणतो आणि गाणी सुरू झाली की तोंड वाकडं करतो, हे बाईंनी हेरलं होतं.

“महिपत, तुला ही गाणी लिहून घेतलेली आवडत नाहीत ना?”

“तसं नाय बाई,” तो हँडलवरची धूळ पुसू लागला. “पन सगळे बोलतात मनुबाईची गानी, मनुबाईची गानी. त्यातली अर्दी माज्या आयची हायेत.”

“तुझी आई? हौसाबाई?”

“दोगी जावा जोडीनं गायच्या. हाक काकीची, जबाब आयचा. आता दोगींच्या मधी एक भिंत हाय आनि बोलनं बंद. किती वर्सं झाली!”

“का बरं?”

“ते दोगींनाच विचारा,” म्हणून त्यानं रिक्षाला किक मारली.

बाई जिन्यात उभ्या राहिल्या. आता महिपतलाही कारण होतं. अर्धी गाणी आपल्या आईची म्हणणारा माणूस ती अर्धी पुसूही शकतो. पण मग हाका का गेल्या? नुसते जबाब जायला हवे होते. आणि महिपत तर शनिवारीही जिन्यात असायचा.

मग त्यांना एक गोष्ट आठवली आणि त्या जागच्या जागी थबकल्या. आषाढात आनंदला ताप आला होता. तेव्हा शीलानं एकटीनं दोन्ही कडवी टाइप केली होती. त्या दिवसांतली एकही जोड मोडलेली नव्हती!

४

शीला नसते तेव्हा चोरी नाही, म्हणून शीला चोर. ठीक. पण आनंद नसतो तेव्हाही चोरी नाही, मग आनंदही चोर? दोघं संगनमतानं करतात म्हणावं, तर एकानं दुसऱ्याला असं तोंडघशी पाडलं नसतं. या विचाराचं गुऱ्हाळ डोक्यात घेऊनच चौबळ बाई घरी जेवायला आल्या.

जेवायला कोलंबीचं कालवण होतं. पहिला घास घेतला आणि थोरल्या दिरांनी पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला.

“खारट! अगं, खाडीच ओतलीस की काय?”

“मी तर बेतानं घातलं होतं,” थोरल्या जाऊबाई शालूवहिनी म्हणाल्या. “मघाशी चव घेतली, अगदी अळणी लागलं. बरणी आणायला फडताळाकडे गेले, आणून घातलं.”

“अहो वहिनी, मीपण!” सुमती म्हणाल्या. “आल्या आल्या चव घेतली, अळणी लागलं. तुम्ही फडताळाशी होतात. मी आपली ओट्यावरच्या वाटीतलं घातलं आणि हात धुवायला गेले.”

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

“सासूबाई असत्या तर दोघींना फैलावर घेतलं असतं,” शालूवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. “आठवतं ना? पळी जिच्या हातात तिनंच चव घ्यायची, तिनंच मीठ घालायचं, आणि मगच पळी खाली ठेवायची. दुसरीनं तोवर भांड्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

सुमतींना एकदम त्या आठवल्या. चंद्रभागाबाई. ओट्याशी उभ्या, पितळी पळी हातात, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू. नव्या सुनेला केवढा राग यायचा त्या पळीचा! मीठ घालायलाही परवानगी लागते का, म्हणून ती चडफडायची. सासूबाई गेल्या, पळी फडताळात गेली, आणि दोघी जावा सुटवंग झाल्या. आता सुमतींना त्याच पळीची आठवण येत होती.

घास हातातच राहिला.

वहिनी एकट्या असत्या, तर कालवण बरोबर झालं असतं. मी एकटी असते, तरी बरोबर झालं असतं. दोघींनी अळणी कालवण चाखलं, दोघींचं खरं होतं, दोघींनी मीठ बेतानंच घातलं.

“वहिनी,” त्या ताटावरून उठल्या, “सासूबाईंची पळी कुठे आहे?”

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी शीलाला निरोप धाडून बोलावलं. ती आली, पण दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली. मनुबाई तोंड घट्ट मिटून बसली. महिपतला बाईंनी जिन्यातून आत घेतलं.

“चोर सापडला,” बाई म्हणाल्या. “आत्ता सगळ्यांसमोर चोरी करून दाखवणार आहे. मनुबाई, गाऊ नकोस, तुझी शपथ मोडायला नको. नुसती थाप मार. शीला, तू ‘हाक’ एवढंच टाइप कर. आनंद, तू ‘जबाब’.”

दोघांनी टाइप केलं आणि बोटं बटणावर ठेवून थांबली. मनुबाईनं मांडीवर थाप मारली. दोन बटणं एकदम वाजली. बाईंनी मोठ्या यंत्रात काय बसलंय ते पडद्यावर आणलं. ‘जबाब’ होता, ‘हाक’ नव्हती. दुसऱ्या वेळीही तसंच, तिसऱ्या वेळी मात्र उलटं झालं. ‘हाक’ राहिली, ‘जबाब’ गेला.

“कोणी हात लावला?” बाईंनी विचारलं.

कोणी लावला नव्हता. आनंदचा चेहरा उतरला.

“प्रोग्रॅम म्हणजे एक घर समज, आनंद. थ्रेड म्हणजे त्या घरात राबणाऱ्या बायका. घर एकच, चूल एकच, भांडं एकच, म्हणून तर काम झटपट होतं. आता तुझे दोन थ्रेड काय करतात? आधी बघतात, शेवटचं कडवं कितवं आहे. समज, चाळिसावं. मग आपलं कडवं पुढच्या जागी, एकेचाळिसाव्या, नेऊन ठेवतात. मनुबाईनं थाप मारली, दोन्ही थ्रेड एकदम आले, दोघांनी पाहिलं, शेवटचं चाळिसावं. दोघांचं खरं. मग एकानं आपलं कडवं एकेचाळिसाव्या जागी ठेवलं आणि दुसऱ्यानं त्याच जागी, त्याच्यावर, आपलं ठेवलं.”

“आणि मी एकटाच तपासत बसलो,” आनंद पुटपुटला. “पण पाळत होती तेव्हा?”

“पाळत कसली? प्रिंटर एकच. एकाचं नाव छापून होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागे. तेवढ्यात पहिल्याचं कडवं सुखरूप जागेवर बसे. तुला वाटलं चोर घाबरला. अरे, त्या किर्रकिर्र करणाऱ्या उंदरानं त्यांना रांगेत उभं केलं होतं.”

बाईंनी पिशवीतून पितळी पळी काढून टेबलावर ठेवली. “आता ही जिच्या हातात, तिनंच बघायचं, तिनंच लिहायचं, आणि मग खाली ठेवायची. दुसरीनं तोवर थांबायचं. प्रोग्रॅममध्ये अशी एक पळी घाल. पुस्तकात तिला काहीतरी इंग्रजी नाव असेल. तू पळीच म्हण.”

आनंद उठून शीलासमोर गेला. “शीला, मी चुकलो. जे बोललो ते सगळ्यांसमोर मागे घेतो.”

शीला भिंतीपासून पुढे आली. “माझ्या वडिलांनी विचारलं तर त्यांनापण हे सगळं समजावून सांगायचं. मिठासकट.” तिनं टेबलावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली, आणि चौबळ बाईंचा जीव भांड्यात पडला.

मनुबाई मात्र पळीकडे बघत होती.

“म्हंजे चोर कुनीच नाय?” तिनं हळूच विचारलं.

“कोणीच नाही. दोघांनाही वाटलं, पाळी आपलीच आहे.”

मनुबाईचा चेहरा बघता बघता पडला. “दिवा गावातल्या येका लग्नात,” ती म्हणाली, “मी आनि हौसा गावत होतो. मधीच मेला तो बँड वाजला. कुनाचा सूर कुनाला आयकू येईना. बँड थांबला आनि दोगींनी एकदम आपापलं कडवं उचललं. सगला मांडव हसला. मी बोललू, माजं कडवं खाल्लंस. ती बोलली, तूच माजं खाल्लंस.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तिला वाटलं तिची पाली. मना वाटलं माजी. आनि मी तिला इतकी वर्सं चोर बोलत आयलू.”

महिपतनं मान खाली घातली होती.

“शपत फिटली,” मनुबाई म्हणाली. तिनं खाकरून गळा साफ केला आणि पाण्याला आवतान देणारी हाक गायली. सूर खोलीभर पसरला. मग ती जबाबासाठी थांबली आणि तशीच थांबून राहिली. ओठ हलले, शब्द येईना. गाणं उतरवून घेतलं त्या दिवशी भरात आपसूक आला होता, तो आता काही केल्या आठवेना. “जबाब हौसाचा गो,” ती रडवेली होऊन म्हणाली. “तो तिचाच.”

“काकी, मी आयला बोलावतो,” महिपत उठला.

“तू नको. मीच जाते. एक भिंत तर हाय मधी.”

६

भिंतीपलीकडे काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. महिपतही त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन बसला होता. पण पुढच्या आठवड्यात गिरणीवाल्या बायकांनी पाहिलं, की दोन म्हाताऱ्या एकमेकींचा दंड धरून, वाटेत थांबत, कुरकुरत जिना चढतायत. चपला काढण्यावरून दोघींनी आनंदला सारख्याच शिव्या दिल्या.

चौबळ बाईंनी दोघींच्या मधे पळी ठेवली. “जिच्या हातात पळी, तिनं गायचं.”

“घे, तू थोरली,” हौसाबाई म्हणाली.

“नको गो, तूच घे. चूक माजी होती.”

“माजी नव्हती कं? घे बोलते तर!”

पळी इकडून तिकडे सरकत राहिली आणि गाणं काही सुरू होईना. आनंद हसू दाबत म्हणाला, “मॅडम, हापण एक बग आहे, प्रोग्रॅममधल्यासारखी चूक!” शेवटी शीला उठली आणि तिनं पळी मनुबाईच्या हातात ठेवून तिची बोटं मिटली.

मनुबाईनं डोळे मिटले.

“खारीच्या पान्या रं, तुना पयलं आवतान…”

कडवं पुरं झालं. शीलानं टाइप केलं, बटण दाबलं. मनुबाईनं न बघताच पळी शेजारी दिली, आणि हौसाबाईचा आवाज उठला. चिरका, खोल, किती वर्षांनी चार माणसांत आलेला.

“येतंय गो बाय, येतंय, भरती लागं दे…”

जिन्यातल्या बायकांचे डबे हातातच राहिले. महिपत रडत होता आणि त्याला ते लपवायचंही सुचत नव्हतं. चौबळ बाईंना वाटलं, सासूबाई आत्ता ओट्याशी उभ्या राहून हे ऐकतायत.

आनंदनं शेवटचा शब्द टाइप केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. बटण दाबायची घाई त्यानं केली नाही. हौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग वाकून तिनं ती पितळी पळी त्याच्या हातात दिली.

“घे रं पोरा,” ती म्हणाली. “पली तुजी, पाली तुजी.”